फुकट शाळा आणि हजेरीचा प्रश्न

प्रश्न त्याच्या सगळ्यात अवघड रूपात मांडून बघू. चंदगड तालुक्यातल्या एखाद्या धनगरवाड्यावर पहिली ते चौथीची शाळा आहे. पटावर नऊ मुलं, शिक्षक दोन. उद्या सरकारने सांगितलं की ही शाळा बंद करतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाला टॅब देतो, रिचार्ज आम्ही भरू, राज्यातल्या उत्तम शिक्षकांचे तास त्यावर रोज येतील, परीक्षा होईल, दाखला मिळेल, आणि फी एक रुपयाही नाही. समजा, हे सगळं ते खरोखर देतील. नेटवर्क जाणार नाही, टॅब बिघडणार नाही, शिकवणं रटाळ नसेल. तर मग त्या नऊ मुलांचं काही हिरावलं जाईल का? आणि जाणार असेल, तर नेमकं काय?

‘आमच्याकडे रेंजच नाही’ हे उत्तर मला पुरत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि असल्या अडचणी आज ना उद्या सुटतात, हे रोज बघतो. रेंजवर उभा केलेला नैतिक आक्षेप टॉवर उभा राहिला की आडवा होतो. आक्षेप खरा असेल तर तो टॉवरनंतरही टिकला पाहिजे.

प्रश्न काल्पनिक असला तरी लांबचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारता येतील का, याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं समोर ठेवली होती. अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक, त्यांतली मुलं सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक जवळपास ३० हजार, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि सहा मुलांमागे एक शिक्षक. हा आकडा बघून कुठल्याही हिशेबी माणसाचा हात कॅल्क्युलेटरकडे जाणारच.

समूह शाळेची अडचण रस्त्याची. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. चंदगडकडे किलोमीटर नकाशावर एक असतो आणि जुलैत वेगळाच. मधला ओढा भरला की पलीकडची वाडी दुसऱ्या तालुक्यात गेल्यासारखी होते. तिलारीच्या बाजूने उतरणारे हत्ती शाळेची वेळ बघून रस्ता ओलांडत नाहीत. मग कुणीतरी म्हणतंच : मुलाला शाळेपर्यंत नेण्यापेक्षा शाळाच मुलापर्यंत नेऊ, फोनवरून.

या सूचनेत चांगलं काय आहे ते आधी मान्य करायला हवं. शाळेच्या भिंतीबाहेर शिकण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे. लग्न होऊन गेलेली मुलगी, दहावीला अडकून गॅरेजला लागलेला मुलगा, आजारामुळे घरी असलेलं मूल, अशा किती जणांना शाळेने बाहेर ठेवलं आणि या वाटेने आत घेतलं. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये नववीपासून पुढची विनाशुल्क आभासी शाळा सुरू केली, तेव्हा देशातल्या कुठल्याही मुलाला अर्ज करता येईल असं जाहीर केलं होतं. चंदगडच्या मुलालाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून जे केलं, त्याची दखल २०२० च्या ‘ग्लोबल टीचर’ पुरस्काराने जगभर घेतली गेली. एकदा नीट तयार केलेला धडा दहा मुलांना दिला काय आणि दहा लाखांना दिला काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. हे आमच्या धंद्याचं मोठं वरदान आहे आणि त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण धडा वेगळा आणि शाळा वेगळी. हा फरक अमेरिकेने बऱ्याच पैशांत शिकून घेतला आहे. तिथे १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने ‘चार्टर’ शाळांचा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था स्वतंत्र, मुलाला फी नाही. पुढे त्यातूनच पूर्ण ऑनलाइन चार्टर शाळा निघाल्या. मूल घरी, शाळा पडद्यावर, आणि प्रत्येक मुलामागे सरकारी अनुदान. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २०१५ मध्ये अशा शाळांतल्या मुलांची तुलना नेहमीच्या शाळांतल्या त्यांच्यासारख्याच मुलांशी केली. १८० दिवसांचं शालेय वर्ष धरलं तर ऑनलाइन शाळेतलं मूल सरासरीने वाचनात ७२ दिवसांनी मागे होतं आणि गणितात १८० दिवसांनी. म्हणजे गणितापुरतं, वर्षभर शाळेत गेलंच नसल्यासारखं. ही सरासरी आहे. त्यात उत्तम शिकलेली मुलंही असणार. पण सगळीकडे वीज आणि इंटरनेट असलेल्या देशातली ही सरासरी आहे.

याहून बोलकी गोष्ट ओहायो राज्यातली. तिथे २००० साली सुरू झालेली एकॉट ही ऑनलाइन चार्टर शाळा देशातल्या सगळ्यात मोठ्या शाळांपैकी एक झाली. २०१५-१६ या वर्षासाठी तिने १५ हजारांहून अधिक विद्यार्थी दाखवून अनुदान घेतलं. राज्याने तपासलं तेव्हा पूर्णवेळ शिकल्याचा पुरावा सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांपुरताच निघाला. सहा कोटी डॉलर परत करा, असा आदेश आला आणि जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली. जवळपास १२ हजार मुलं एका झटक्यात शाळेविना झाली.

मला यात घोटाळ्यापेक्षा शाळेचा बचाव महत्त्वाचा वाटतो. तिचं कोर्टातलं म्हणणं साधारण असं होतं : वर्षाला ठरलेल्या तासांचं शिक्षण उपलब्ध करून देणं एवढंच कायद्याने आमच्यावर आहे, मुलाने ते घेतलं की नाही, यावर अनुदान ठरू शकत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. पण बचाव मूर्खपणाचा नव्हता. ऑनलाइन शाळेचं तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेलं की ते तिथेच पोचतं : आम्ही दार उघडं ठेवलं होतं, तू आला नाहीस.

इथे माझ्या कामातलं थोडं सांगतो. आम्ही सिस्टीममध्ये नोंदी ठेवतो : अमुक वेळी लॉगिन, इतकी मिनिटं पान उघडं, इथे क्लिक. नोंद नसेल तर आमच्यासाठी काही घडलंच नाही. एखादा वापरणारा महिनाभर आला नाही, तर फार तर एक आपोआप संदेश जातो आणि नंतर त्याचा हिशेब ‘निष्क्रिय’ या रकान्यात होतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. यंत्रणेला आलेला माणूस दिसतो. न आलेला दिसावा असं वाटत असेल, तर त्याला शोधायचं काम एखाद्या माणसावर टाकावं लागतं. वाडीवरच्या शाळेत नऊपैकी एक मूल नसेल तर ती जागा रिकामी दिसते. गुरुजी बाकीच्या आठांना विचारतात, आणि त्यांतला एक तरी सांगतो की ते आईबरोबर काजूच्या कारखान्यावर गेलंय, किंवा तापाने पडलंय, किंवा बापाने मारलंय. वर्गात मुलाच्या नसण्यालाही साक्षीदार असतात.

शिक्षण हक्क कायद्यात ‘सक्तीचं शिक्षण’ या शब्दांचा अर्थ म्हणूनच बघण्यासारखा आहे. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळात ते धाडसाचंच पाऊल होतं. सक्ती मात्र पालकावर होती. २००९ च्या कायद्याच्या आठव्या कलमात सक्ती सरकारवर आहे : सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं याची खात्री सरकारने करायची. उपलब्ध करून देणं एवढ्यावर तो कायदा थांबत नाही. जबाबदारी मुलाच्या खांद्यावरून उतरवून राज्याच्या खांद्यावर यायला ९२ वर्षं लागली. घरी टॅब देऊन शाळा बंद केली तर ती कुणालाही न सांगता पुन्हा मुलाच्या, खरं तर त्याच्या आईच्या, खांद्यावर जाते.

आईच्या, असं म्हणण्याला कारण आहे. सात वर्षांचं मूल एकटं टॅबसमोर बसून भागाकार शिकत नाही. अमेरिकेतल्या ऑनलाइन शाळाही पालकाने रोज शेजारी बसावं हे गृहीत धरतात. त्या तासांचं बिल कुठेच लागत नाही, म्हणून शाळा फुकट दिसते. चंदगडात सकाळी आठला काजूच्या कारखान्यात, रोपलावणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने ते तास आणायचे कुठून? तिने ते दिले तर मजुरी बुडते. नाही दिले तर मुलाचं शिक्षण बुडतं, आणि दोष तिचा ठरतो. फी नसणं आणि फुकट असणं यांत हे एवढं अंतर आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला : खोटी हजेरी काय फक्त पडद्यावर असते? ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली, तेव्हा भिंती असलेल्या शाळांच्या पटावरचीही लाखो नावं प्रत्यक्ष जागेवर सापडली नव्हती. खरं आहे. पण ती चोरी पकडता आली, कारण कुठे जाऊन डोकी मोजायची हे माहीत होतं. घरोघर विखुरलेल्या शाळेत मोजणाऱ्याने जायचं कुठे?

दुसरा आक्षेप खर्चाचा. सहा मुलांमागे एक शिक्षक ही चैन नाही का? तोच पैसा मोठ्या शाळेला प्रयोगशाळा देऊ शकला असता. याचं प्रामाणिक उत्तर असं, की हो, महाग आहे. पण वाडीवर रात्री मुक्कामाला जाणारी वस्तीची एसटीही महाग असते. सकाळी पाच माणसं घेऊन निघणाऱ्या त्या गाडीचं डिझेलसुद्धा सुटत नसेल. तरी ‘गाव तिथे एसटी’ म्हणताना आपण हे मान्य केलेलं असतं, की लांब राहणाऱ्याला सारखीच सेवा द्यायची तर त्याच्यावर जास्त खर्च करावा लागतो. सारखा खर्च केला तर त्याच्या वाट्याला कमी येतं.

शिवाय आपण सगळ्यांनी एक मोठा प्रयोग पाहिला आहे. मार्च २०२० नंतर ऑनलाइन शाळा सगळ्यांच्याच वाट्याला आली. मुंबई-पुण्यातल्या घरांत तर वेगवान इंटरनेट, स्वतंत्र खोली आणि घरून काम करणारे आईबापही होते. शाळा उघडल्यावर त्या घरांनी काय केलं? भली मोठी फी भरून मुलं पुन्हा इमारतींत पाठवली. ज्यांना निवड होती त्यांनी निवड केली. म्हणून मुलाला पडदा किती चांगला मिळाला, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. पडदा त्याने निवडला, की दुसरं काहीच उरलं नाही म्हणून त्याच्या हातात आला, हे विचारावं लागतं. आजारी मुलाने घेतलेली ऑनलाइन शाळा त्याचं जग मोठं करते. शाळा काढून घेतलेल्या वाडीला दिलेली तीच शाळा जग लहान करते.

तर वाडीला ऑनलाइन शाळा द्यायचीच असेल, तर तीन गोष्टी आधी खर्चाच्या अंदाजपत्रकात लिहाव्यात. ठरावीक मुलांमागे एक नावानिशी जबाबदार माणूस, जो दोन दिवस न दिसलेल्या मुलाच्या घरी चालत जाईल. मुलांनी एकत्र बसायला एक कोरडी खोली आणि तिथे पगारी माणूस, म्हणजे आईची मजुरी बुडणार नाही. आणि नको वाटलं तर परत जायला चालत्या अंतरावर एक शाळा. हे तिन्ही आकडे मांडून बेरीज करा. जवळपास त्याच धनगरवाड्यावरच्या शाळेचा खर्च हाती येतो : एक खोली, दोन पगार, नऊ मुलं, आणि वर टॅब.

म्हणजे ऑनलाइन शाळेत जी बचत दिसत होती ती तंत्रज्ञानाने केलेली नव्हती. न आलेल्या मुलाला शोधायला जाणारा माणूस यादीतून काढला होता, त्याची ती बचत होती. टॅब जरूर द्यावेत, त्या दोन गुरुजींच्या हातात आधी द्यावेत. पण अंदाजपत्रकातून काय वगळलं, हे लिहून द्यायची सवय आम्हा इंजिनिअरांना असते. ती इथेही पाळावी. ‘शाळा उपलब्ध आहे’ या वाक्याखाली दुसरी ओळ हवी : मूल आलं नाही तर कोण जाणार, त्याचं नाव.