माळकऱ्याने पंचायतीत बसावे काय?

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की काकड्यानंतरच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. गावची मंडळी एखाद्या शब्दाच्या पक्क्या माळकऱ्याकडे जातात नि म्हणतात, "बुवा, औंदा तुम्ही उभं राहा." बुवा हात जोडतात. "नको रे बाबा, तो चिखल आहे. आपण बरे नि आपला विठोबा बरा." ऐकणाऱ्याला हे वैराग्य वाटते. आम्हांला मात्र तसे वाटत नाही.

वारीच्या वाटेवर तहान लागली म्हणजे आपण गावच्या नळाला ओंजळ लावतो. आषाढातले पाणी गढूळ. विहिरीत, टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडली नाही तर हगवणीला वेळ लागत नाही. ती पावडर आणवणारा, टाकी धुऊन घेणारा त्या गावच्या पंचायतीतला कोणीतरी असतो. त्या गावचा एक माणूस चिखलात उभा राहिला म्हणून आपल्या घशाखाली स्वच्छ पाणी उतरले. मग आपल्याच गावच्या चिखलाला नाक का मुरडावे?

संतांना कारभार वर्ज्य नव्हता. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. हिशेबात एका पैची चूक राहिली म्हणून नाथ रात्रभर दिवा लावून बसले, ही कथा कीर्तनात ऐकताना आपण माना डोलावतो. पण पंचायतीचा जमाखर्च उघडून पाहायचा म्हटले की आपणांस जांभई येते! (दामाजीपंतांचा दाखला मात्र सांभाळून घ्यावा. परवानगीवाचून कोठार उघडले तेव्हा त्यांच्यासाठी देव रक्कम घेऊन धावला. आपल्याकडे लेखापरीक्षक येईल.)

बसावे कसे, हे अवघड. माउलींच्या पालखीतळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सारा गजर थांबतो. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मगच आरती. आता आपली ग्रामसभा आठवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ती भरते. तिथे कोणी टाळ वाजवीत राहिला तर "याला गप बसवा रे" असेच ऐकू येते. माळकरी सदस्याने, ज्या आळीने आपल्याला मत दिले नाही तिचा टाळ आधी ऐकावा. हे जमणार नसेल त्याने उभे राहू नये. भाचा गायरानात चार हात सरकून घर बांधू लागला तर त्याला "नाही" म्हणण्याची जीभ नसेल, त्यानेही नको.

बिनविरोधाची गोडीही तपासून घ्यावी. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे नि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांतली निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण पदांचा लिलाव. अशी बोली देवळाच्या नावाने लागली तरी ती बोलीच. पांडुरंग विटेवर उभा आहे, त्याला विकत घेतलेल्या खुर्चीचा कळस कशाला हवा?

राज्यात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायांच्या आहेत. डोईवर तुळस घेऊन शेकडो मैल चालणारी माउली सभेत मुकी नि तिचा मालक बोलका, हे चित्र अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. मालकांनी तेवढा वेळ देवळात भजनाला बसावे.

राहिली वारी. सदस्य झाल्यावर ती चुकेल काय? चुकू नये. निघण्याआधी टाकी धुऊन घ्यावी, पावडर मोजून जलसुरक्षकाच्या ताब्यात द्यावी, उपसरपंचाला सांगून निघावे. आणि मुक्कामावरून घरी फोन लावतो तसा एक त्या जलसुरक्षकालाही लावावा.