लेखणी अडते तेव्हा

लेखणी का अडते, या प्रश्नाकडे आम्ही पुष्कळ दिवस केवळ सरावाचा प्रश्न म्हणून पाहत होतो. निवृत्तीनंतर पेडण्याच्या घरी माडीवर टेबल मांडले, आणि चार महिन्यांत चार पाने झाली नाहीत. स्नेही उपाय सुचवीत : पहाटे उठा, सुचेल ते लिहा, रोज एक पान लिहाच. आम्ही सारे करून पाहिले. पान भरत असे. पण त्यात आम्ही कोठेच नसायचो.

आपल्या तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. १७१४ साली जन्मलेले सोहिरोबा बांद्याचे कुळकर्णी. म्हणजे आमच्यासारखेच दफ्तर सांभाळणारे. सावंतवाडी दरबाराच्या बोलावण्यावरून निघाले असता वाटेत इन्सुलीच्या रानात ते फणस फोडून खायला बसले, एका नाथपंथी सिद्धाने त्यातला वाटा मागितला, आणि त्या भेटीत त्यांच्यावर अनुग्रह झाला, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यांनी कुळकर्णीपण सोडले. त्यांच्या ओठी येणारी पदे त्यांची बहीण उतरवून ठेवी, असेही सांगतात. चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आम्हांला अडवते ते वेगळेच. कुळकर्णी हा रोज लिहिणारा माणूस. सरावाने लेखणी सुटत असती, तर ती दफ्तरातच सुटायला हवी होती.

दफ्तराच्या भाषेत कर्ता नसतो. ‘निदर्शनास आले’, ‘कळविण्यात येत आहे’, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’. आमच्या टिपण्या बहुतेक इंग्रजीत असत, पण तेथेही हाच प्रकार. कोणी पाहिले, कोणी ठरवले, कोणी टाळले, हे वाक्यातून गळून जाते, आणि पस्तीस वर्षांनी ते मनातूनही गळते. (हे ‘आम्ही’सुद्धा त्याच सवयीचे अपत्य असावे, अशी शंका आम्हांला येते. मोडवत नाही, एवढे खरे.)

तथापि सारा दोष दफ्तरावर टाकणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. विश्वास पाटील सरकारी सेवेत असतानाच धरणग्रस्तांवरील त्यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली आली, आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. खुर्ची तीच, फायलीही त्याच तऱ्हेच्या. मग आमचीच लेखणी कशाने अडली?

उत्तर आम्हांला ठाऊक होते. ते लिहायचे नव्हते. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या, त्या काळातली गोष्ट. खाण भूजलपातळीच्या खाली खणली की खड्ड्यात पाणी साचते. ते पंपाने सतत उपसावे लागते, आणि आसपासच्या विहिरींची पातळी उतरत जाते. अशा एका गावात आम्ही तक्रारीच्या चौकशीला गेलो होतो. एका वृद्ध बाईने विहिरीवर नेऊन कळशी सोडली. तळाशी लागून वर आली ती अर्धीच भरलेली, तांबड्या गढूळ पाण्याने. आम्ही परतलो आणि टिपणी लिहिली : पाणी हंगामी कारणाने कमी झाल्याचे दिसते, तज्ज्ञांचा अभिप्राय मागवावा. शब्दन्‌शब्द नियमात बसणारा. अभिप्राय यायला दोन वर्षे लागली. तोवर विहिरीत पाणी उरले नव्हते. पुढे २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा आम्ही दुसऱ्या खात्यात होतो, आणि त्या गावाकडे फिरकलोही नव्हतो.

गेल्या चतुर्थीला थोरली बहीण माहेरी आली होती. टेबलावरचे कोरे कागद पाहून तिने विचारले. आम्ही विहिरीवर निबंध लिहायचा आहे, असे काहीसे सांगू लागलो : तालुक्यातील पाण्याची स्थिती, विकासाचे प्रश्न वगैरे. ती निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून म्हणाली, “हे राहू दे. तू विहीर पाहिलीस ना? मग काय पाहिलेस ते सांग.” आम्ही सांगू लागलो. मध्येच तिने आमच्यापुढचा कागद ओढला आणि लिहीत गेली. तिचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. ‘निदर्शनास’ हा शब्द तिला सुचणे शक्यच नव्हते.

तो कागद आमच्याजवळ आहे. एका ठिकाणी तिने थांबून विचारले होते, “बाई काय म्हणाली?”

बाई म्हणाली होती, “साहेब, एक घोट पिऊन बघा.” आमच्या मोटारीत बाटलीचे पाणी होते. आम्ही घड्याळ पाहिले आणि निघालो.

बहिणीने तेही लिहून घेतले.