ओळख आणि किल्ली

दारावर थाप पडली की आपण आतून विचारतो, ‘कोण?’ आणि बाहेरून उत्तर येते, ‘मी!’ तर्कशास्त्राच्या दृष्टीने या उत्तराला काडीचा अर्थ नाही; जगातला प्रत्येक माणूस ‘मी’च असतो. तरीही घरात तेवढ्यावर कडी निघते, कारण कानांना आवाज ओळखीचा असतो. कचेरीत मात्र हे ‘मी’ पुरत नाही. तिथे ओळख असूनही कोणी दार उघडले नाही, तर तो आपला अपमान समजावा काय?

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर माझा मोबाईल एकाएकी बंद पडला, तो कायमचाच. नवा घेतला, जुना नंबरही त्यात आला. पण कचेरीचे खाते काही उघडेना. परवलीचा शब्द मला तोंडपाठ होता. अडले ते दुसऱ्या कुलपाशी. या कुलपाची घडण मोठी गमतीची आहे. नोंदणीच्या वेळी एक गुप्त बीज कचेरीच्या यंत्रणेत आणि आपल्या मोबाईलमध्ये ठेवले जाते. त्या बीजावरून आणि घड्याळातल्या वेळेवरून दोघेही आपापल्या जागी तोच सहा आकडी संकेतांक काढतात, आणि बहुधा दर 30 सेकंदांनी तो बदलतो. 2011 साली ही पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. नंबर नव्या मोबाईलमध्ये आला. बीज जुन्याबरोबरच गेले.

मी हिशेबखात्यात काम करतो. कंत्राटी कामगारांच्या पगाराची यादी माझ्या मंजुरीवाचून पुढे सरकत नाही, आणि वसुबारस दोन दिवसांवर आली होती. संगणक विभागातल्या तरुणाला मी फोन केला. तो म्हणाला, ‘साहेब, तुमचा आवाज मी ओळखतो. पण आवाजावर खाते उघडायचे नाही, असा नियम आहे. वरिष्ठांना घेऊन या, ओळखपत्रही आणा.’ वरिष्ठ संध्याकाळपर्यंत बाहेरगावी होते. ‘अरे, गरिबांचे पगार अडलेत!’ असेही मी म्हणून पाहिले. तो गप्प राहिला. पण हलला नाही.

मला राग आला, हे खरे. पण राग ओसरल्यावर अशोकवनातली सीता आठवली. रामाचा दूत म्हणून हनुमान समोर उभा राहिला, तेव्हा तिला वाटले, हा रावणच वेष पालटून आला नसेल कशावरून? तिने रामाची लक्षणे विचारली. ती त्याने सांगितली आणि मग मुद्रिका दिली. निरोप पाठवताना तिनेही खूण म्हणून चूडामणी दिला आणि दोघांनाच ठाऊक असलेली कावळ्याची गोष्ट सांगितली. एक ठाऊक असलेली गोष्ट आणि एक जवळ असलेली वस्तू! सीतेने संशय घेतला म्हणून हनुमान रुसला नाही. ज्या बाईला एकदा साधूच्या वेषाने फसवले, तिने पुन्हा नुसत्या रूपावर का विसंबावे?

आजचे रावणही दारात गयावया करूनच येतात. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेलवाल्या कंपनीवर संगणकी हल्ला झाला. हल्लेखोरांनी मदतकक्षाला फोन करून कर्मचारी असल्याची बतावणी केली, असे वृत्त तेव्हा आले. सुमारे 10 कोटी डॉलरची झळ बसल्याचे कंपनीनेच सांगितले. तिथे फोन उचलणारा माणूस दुष्ट नसेल, कदाचित नको तितका सज्जन असेल.

खरा मुद्दा मालकीचा आहे. ‘माझे खाते’ असे मी म्हणतो खरा. पण त्यामागची तिजोरी माझी नाही, त्या कामगारांची आहे. माझ्यावर विश्वास टाकून तो तरुण जे पणाला लावणार होता, ते त्याचे नव्हते आणि माझेही नव्हते. स्वतःच्या पैशांबाबत माणसाने खुशाल उदार व्हावे. दुसऱ्याच्या ठेवीबाबत औदार्य दाखवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण एवढ्यावर न्याय पुरा होत नाही. संध्याकाळी वरिष्ठ आले, मला पाहून त्यांनी सही केली, नवे बीज नोंदले गेले आणि पगार दुसऱ्या दिवशी गेले. तो एक दिवस ज्यांना बाजारातून रित्या हाताने परतावे लागले, त्यांचा या कुलपाशी काय संबंध होता? सावधगिरीची किंमत नेहमी तिसराच कोणी भरत असेल, तर ती सावधगिरी अर्धीच नीतिमान होय. कुलूप लावणाऱ्याने परत आत येण्याची वाटही आधीच आखली पाहिजे: मंजुरीला दुसरा माणूस नेमावा, एकदाच चालणारे राखीव संकेतांक मोहोरबंद पाकिटात ठेवावेत, आणि खातरजमा करणाऱ्याच्या गैरहजेरीत ती कोणी करायची, हेही ठरवून ठेवावे.

आणि अखेर एवढ्या यंत्रांनंतरही दार उघडले ते एका माणसाने ‘हा तोच’ असे लिहून दिले म्हणून. फरक एवढाच की, त्याने ते समोर पाहून, स्वतःच्या सहीनिशी, चुकल्यास जाब देण्याच्या तयारीने लिहिले. विश्वास म्हणतात तो मला वाटते हाच. नुसत्या ओळखीला ते नाव देण्याची आपण फार घाई करतो.