एक घोडा, दोन वाहने

नांदेडहून विष्णुपुरीवरून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यातील माळेगावी, मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पतिपत्नींनी प्रवास एकाच वाहनावरून करावा की दोन वाहनांवरून, या प्रश्नाच्या विचारात या दैवताचे स्थान महत्त्वाचे आहे. कारण खंडोबाच्या प्रचलित रंगीत चित्रांत त्याची पत्नी म्हाळसा त्याच्या मागे नसून त्याच घोड्यावर पुढे बसलेली असते आणि दैत्याच्या छातीत भाला खुपसते, म्हणजे वाहन एकच असूनही युद्ध दोघांचे असते. याउलट शिवाचे वाहन नंदी आणि दुर्गारूप पार्वतीचे सिंह, तरीही हेच दांपत्य अर्धनारीश्वराच्या, म्हणजे अर्धे शरीर पुरुषाचे व अर्धे स्त्रीचे अशा, एकाच देहात कल्पिले गेले. वाहनांची संख्या हा परंपरेने ऐक्याचा निकष मानलेला नाही.

घरात एक क्रूझर, म्हणजे बुटक्या आसनाची आणि पाय पुढे पसरून बसण्याच्या ठेवणीची मोटारसायकल, असताना पत्नीसाठी दुसरी घेण्याचा विचार होतो, तेव्हा खरा प्रश्न अधिकाराचा असतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याच्या हाताला आधार, पायाला टेकू आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला साडीगार्ड, आवश्यक ठरवला आहे. जायचे कोठे, हे ठरवण्यात त्या व्यक्तीचा वाटा किती, हा मात्र कायद्याचा विषय नव्हे. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात लगाम हाती असलेला सारथी म्हणजे बुद्धी आणि रथाचा स्वामी, रथी, म्हणजे आत्मा. त्यामुळे हँडल हाती नसणे हे कमीपण नाही. पण मागे बसणारीला मार्ग, मुक्काम आणि परतीची वेळ ठरवता येत नसेल, तर ती रथी नसून केवळ सोबत नेलेली व्यक्ती राहते, आणि हे दुखणे दुसरे वाहन घेऊनही बरे होत नाही.

म्हणून दुसरी गाडी घ्यायचीच, तर निवड पत्नीची असणे आवश्यक आहे. बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ 220 चे आसन 737 मिलिमीटर उंच व वजन 163 किलो, तर रॉयल एनफिल्ड मिटिऑर 350 चे आसन 765 मिलिमीटर उंच व वजन 191 किलो. उतारावर गाडी थांबवून पाय टेकताना हे जादा 28 किलो ज्या शरीराला पेलायचे, त्याच शरीराने निर्णय घ्यायला हवा, पतीच्या हौसेने नव्हे.

यावर अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपलीकडचा संचय नाकारण्याचा, आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्य मिळवणे, राखणे, नाश, आसक्ती आणि हिंसा हे पाच दोष विषयांत पाहून त्यांचा स्वीकार न करणे म्हणजे अपरिग्रह, असे सांगते. वापराविना उभी राहणारी दुसरी मोटारसायकल या कसोटीवर टिकत नाही. मात्र ती नाकारताना पतीची पहिली तेवढी गरज आणि पत्नीची दुसरी तेवढा संचय, असे गृहीत धरता येत नाही. ही पाच दोषांची तपासणी पहिल्या वाहनापासूनच सुरू करावी लागते.