रविवारची सुई

गेल्या पावसाळ्यात घरभेटींच्या निमित्ताने आम्ही वसईच्या होळीत फिरत होतो. एका घरी ओट्यावर चहा आला. बाहेर केळीच्या पानांवर पाऊस वाजत होता. घरच्या वृद्ध बाईंनी आम्हांला एक प्रश्न विचारला. प्रश्न पापनिवेदनातला नव्हता, ओट्यावरचा होता. म्हणूनच तो येथे मांडण्याची मोकळीक आम्ही घेत आहोत. त्या म्हणाल्या, "फादर, रविवारी गोधडीला टाके घातले तर पाप लागते का?"

आम्ही हसलो. हसायला नको होते, हे पुढे नाताळाच्या तोंडावर कळले.

सारी आळी त्यांना मावशी म्हणते, आम्हीही म्हणतो. त्यांच्या घरी गोधडी कधी विकत आली नाही आणि कधी विकलीही गेली नाही. बाळाच्या बाप्तिस्म्याला दुपटे, लेकीच्या लग्नाला मोठी गोधडी, नाताळात घर माणसांनी भरते म्हणून एखादी जादा, असा त्यांच्या सुईचा वर्षक्रम. जुने सुती लुगडे धुऊन उन्हात वाळवायचे, जमिनीवर पसरून त्याचे थर एकावर एक घालायचे, सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने कडेपर्यंत दाबत न्यायचे, लांब कच्च्या टाक्यांनी ते थर धरून ठेवायचे आणि मग काठापासून धावदोरा घालत आत आत यायचे. वरच्या थरावर तुकडे बसतात: नातवाचा शाळेचा सदरा, नातीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या झग्याचे उरलेले अस्तर. त्यांच्या स्वतःच्या अंथरुणावरच्या गोधडीत त्यांच्या दिवंगत पतीच्या दोन सदऱ्यांचे तुकडे आहेत, तेही उशाकडच्या बाजूला. त्याचे कारण आम्ही विचारले नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी समाजाच्या स्त्रिया अशीच गोधडी शिवतात. तिला त्या 'कवंदी' म्हणतात. त्यांच्यातील कॅथोलिक बायका कवंदीवर कापडी क्रूस बसवतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीवाघडी वाटते. ही माहिती आम्ही मोठ्या हौसेने मावशींना सांगितली. त्यांना फुले पटली, क्रूस पटला नाही. "क्रूस अंगाखाली यायचा, पाय लागायचा," त्या म्हणाल्या. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत हा मुद्दा आमच्या वाचनात आलेला नाही; पण तो बिनतोड आहे.

आता रविवार. सून चर्चगेटला नोकरी करते. सकाळी लोकल गाठायची आणि दिवेलागणीनंतर परतायचे. मुलगा पाळीवर, नातवंडे शाळा-शिकवणीत. मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर रविवारची दुपार ही या घरातली एकच वेळ, जेव्हा सगळे एका छपराखाली असतात. तेव्हा माजघरात गोधडी पसरली जाते. मावशींना सुईचे भोक दिसत नाही, म्हणून नात दोरा ओवून देते. सून एका कडेला बसते, तिचे टाके मोठे पडतात, त्यावरून थट्टा होते. कार्यालयातली भांडणे, माहेरची दुखणी, नातीच्या मैत्रिणींची गुपिते, सारे त्या कापडावर निघते. आणि इतकी वर्षे, फादर फाटकाशी दिसले की मावशी ती गोधडी घाईघाईने पलंगाखाली सारत आल्या होत्या. लहानपणी त्यांच्या आजीने सांगितले होते, की रविवारी चालवलेली सुई प्रभूच्या देहात टोचते.

आजीचे म्हणणे केवळ भाबडेपणाचे नव्हते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेतील १२४८ व्या कलमाने रविवारी आणि आज्ञापित सणांना 'दास्यकर्मे' वर्ज्य केली होती. आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात नीतिशास्त्राची जुनी लॅटिन पुस्तके धूळ खात पडलेली असत. त्यांत कामांची वाटणी असे. नांगरणे, खणणे, शिवणे ही शरीराची, म्हणून दास्यकर्मे; वाचणे, लिहिणे, शिकवणे, वाद्य वाजवणे ही मनाची, म्हणून मुक्त कर्मे. ही वाटणी ज्यांनी केली ते सारे लेखणीवाले होते, सुईवाली त्यांच्यात एकही नव्हती. हा लेख आम्ही रविवारी दुपारीच लिहीत आहोत आणि त्या जुन्या पुस्तकांप्रमाणे आम्ही पूर्ण निर्दोष आहोत.

त्याहूनही मागे गेलो तर यहुदी गुरूंची 'मिश्ना' ही संहिता भेटते. ती इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झाली. शब्बाथ दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार तिच्यात मोजले आहेत आणि त्यांत 'दोन टाके घालणे' स्पष्ट नोंदले आहे. दोन टाके घालण्यासाठी कापड फाडणेसुद्धा. या बारकाईला हसणे सोपे आहे. प्रभू येशूनेही बजावले, की शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे (मार्क २:२७). तरी एक गोष्ट त्या गुरूंच्या पदरात टाकावीच लागेल. घरात बसून घातलेले दोन टाके हे काम आहे, हे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे दिवसभर राबलेल्या बाईविषयी 'ती काही करत नाही, घरीच असते' असे आजही सर्रास म्हटले जाते.

१९८३ च्या संहितेने दास्यकर्म हा शब्दच गाळला. तिचे १२४७ वे कलम वेगळ्या अंगाने जाते: देवाच्या उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला आणि मनाशरीराच्या योग्य विश्रांतीला ज्यांची आडकाठी होते, ती कामे आणि ते व्यवहार टाळावेत. आम्ही मावशींना हेच सांगितले. तुमची गोधडी आनंदाच्या आड येत नाही, उलट ती आनंदच आहे, खुशाल शिवा. त्या "बरे फादर" म्हणाल्या. आम्ही छत्री उघडली आणि समाधानाने पुढच्या घरी गेलो.

पुढचे घर म्हणजे त्यांच्याच आवारातली भाड्याची खोली. तिथली तरुण बाई ख्रिस्ती नाही. दारात जीनपँटींचा ढीग होता. वसई पूर्वेच्या एका गाळ्यातून शनिवारी संध्याकाळी हे बोचके येते; शिवणीवरचे लोंबते दोरे कापून, बटणे लावून सोमवारी सकाळी ते परत द्यायचे. मोबदला नगावर. आम्ही पाणी मागितले तेव्हा तिने मान वर केली, हात मात्र चालूच होता. दोन खोल्यांत मिळून दहा पावलांचे अंतर, दोन्हींकडे सुई, दोन्हींकडे रविवार.

आपल्या मुलुखात रविवारची सुटी केवळ देवळाच्या घंटेने आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. परंतु गिरणीच्या फाटकाशी मिळालेली ती सुटी घरच्या उंबऱ्याच्या आत कधी शिरलीच नाही. नगावर काम करणाऱ्या बाईला कॅलेंडरातला लाल आकडा लागू होत नाही. अनुवादाच्या पुस्तकात विश्रामाची आज्ञा सांगताना दास, दासी, बैल, गाढव यांच्याबरोबर 'तुझ्या वेशीच्या आतला परका' हाही मोजला आहे (अनुवाद ५:१४). मावशींच्या आवारातली भाडेकरीण हीच ती परकी. मग प्रश्न तिच्या पापाचा उरत नाही. आठवड्याभराच्या किमतीत सोमवारचा माल मागणाऱ्यांचा आणि तो स्वस्तात अंगावर घालणाऱ्यांचा उरतो. त्यांत आम्हीही आलो.

या दोन सुयांमधला भेद कशात? पैशात, असे चटकन वाटते. ते खरे नसावे. मोबदला घेणारा सुतारही कामात रमतो आणि फुकट राबणारी सूनही गुलाम असू शकते. यापोच्या दुर्कस, म्हणजे तबिथा, हिने विधवांसाठी शिवलेले अंगरखे तिच्या मृत्यूनंतर त्या विधवांनी रडत रडत पेत्राला दाखवले (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिचे काम दुसऱ्यांसाठीच होते. आम्हांला भेद असा दिसतो: मावशी टाका अर्धा सोडून उठू शकतात. पाहुणा आला, नातू पडला, डोळा लागला, की सुई कापडात खोचली आणि उठल्या. भाडेकरणीला उठता येत नाही. ज्या कामातून मध्येच उठता येते ते रविवारशी भांडत नाही. ज्यातून उठण्याची मुभा नाही ते सोमवारीसुद्धा थोडे दास्यच असते. कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारची सुटी फर्मावली, तेव्हा शेतकऱ्याला त्यातून वगळले, कारण पीक थांबत नाही. आमचे वाडीवाले हे न शिकता जाणतात; रविवारी केळीला पाणी द्यावेच लागते. पण पीक थांबत नाही आणि गाळेवाला थांबत नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत.

उठता न येण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो आतला. संत थॉमस अक्विनास 'अकेदिया' या पापाला विश्रामवाराच्या आज्ञेविरुद्धचे पाप म्हणतो. अकेदियाचे भाषांतर आपण 'आळस' असे करतो आणि फसतो. योझेफ पीपर या जर्मन विचारवंताने १९४८ साली दाखवून दिले, की ज्याला स्वस्थ बसवत नाही, जो सतत काहीतरी उरकत असतो, तोही या पापाचा धनी असू शकतो. धर्मग्राम चालवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे वाक्य फार वेळ वाचू नये.

आता आमचा भाग सांगायला हवा. त्याच वर्षी जूनमध्ये देवळाच्या छपराच्या दुरुस्तीसाठी डिसेंबरात फनफेअर भरवायचे ठरले होते. मावशींच्या गोधड्यांची कीर्ती आमच्या कानी होती. आम्ही म्हणालो, "बारा होतील ना, मावशी?" त्या म्हणाल्या, "बघते, फादर." त्यांच्या नावाची स्तुती आम्ही वेदीवरून केली, म्हणजे नकाराची वाटही आम्हीच बुजवली. आमच्या समाजात फादरांच्या विनंतीला 'नाही' म्हणायचा शब्द अजून कोणाला सापडलेला नाही.

डिसेंबरात अकरा गोधड्या आल्या. सुबक होत्या, दुपारपर्यंत विकल्या गेल्या. पैसे मोजत असताना सुनेने सहज सांगितले, की घरची जुनी लुगडी चौथ्या गोधडीलाच संपली. पुढचे कापड होळीच्या बाजारातून थानातले आणले. रात्री अकरापर्यंत दिवा असे. रविवारी नात दोरा ओवून देई आणि उठून जाई. बोलत बसले की टाके चुकत, चुकले की उसवावे लागे. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता. तेव्हा आम्हांला पावसातला तो ओटा आठवला. मावशींनी विचारले होते ते घरच्या गोधडीविषयी नव्हतेच, आमच्या बारांविषयी होते. आणि आम्ही हसून, कलम सांगून, छत्री उघडून निघून आलो होतो. मिसर देशात फारोच्या मुकादमांनी विटांचा आकडा ठरवून दिला होता, गवत मात्र देणे बंद केले होते (निर्गम ५). लुगडी संपल्यावरही आमचा आकडा बाराच राहिला होता.

हेतू पवित्र होता, असे आम्ही स्वतःला सांगून पाहिले. ते पुरले नाही. मजुरीपेक्षा भक्तीच्या नावाने राबवून घेणे सोपे असते, आणि म्हणून त्याचा जाब अधिक कडक असावा.

नाताळानंतरच्या रविवारी आम्ही होळीला गेलो आणि चुकलो असे म्हणालो. मावशी अवघडल्या. "असे काही बोलू नका, फादर," म्हणून त्यांनी विषय चहाकडे नेला. बारावी गोधडी माजघरात पसरलेली होती, पलंगाखाली कोणी सारली नाही. नात एका कडेला, सून दुसऱ्या. भाडेकरीण उंबऱ्याशी बसून आपले बोचके तिथेच उरकत होती. त्या दिवशी निदान तिला बोलायला माणसे होती. ही गोधडी कधी पुरी होणार, असे आमच्या तोंडून निघता निघता राहिले.

निघताना मावशींनी विचारले, "फादर, तुमचा एखादा जुना झगा असेल तर द्या. पांढरे सुती कापड अस्तराला बरे पडते."

आम्ही दोन दिले. मिस्साच्या वेळी शाईचा डाग दिसतो म्हणून बाजूला ठेवलेले होते. मावशींनी डाग पाहिला आणि म्हणाल्या, की तो आतल्या बाजूला जाईल.