पंधराव्या वर्षाची धाव कुणाची?

शालेय मैदानी स्पर्धांत, म्हणजे धावणे, उड्या आणि फेकी यांच्या ज्या स्पर्धांना आता सर्रास ॲथलेटिक्स म्हटले जाते त्यांत, चौदा-पंधरा वर्षांचे एखादे मूल बाकीच्यांना कितीतरी मागे टाकून अंतिम रेषा ओलांडते, तेव्हा पाहणाऱ्यांच्या तोंडून दोन उद्गार हमखास निघतात. ही देवाची देणगी आहे, हा एक. आणि हे पोराच्या कष्टाचे फळ आहे, हा दुसरा. दोन्ही उद्गार एका दमात काढले जातात आणि ते एकमेकांना छेद देतात हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. देणगी असेल तर श्रेय देणाऱ्याचे, कष्ट असतील तर करणाऱ्याचे; आणि ज्या वयात कायदाही मुलाला स्वतःच्या सहीने करार करू देत नाही, त्या वयातल्या कर्तृत्वाचा धनी कोण, हा प्रश्न क्रीडाशास्त्राच्या आवाक्यापलीकडचा आहे.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न विचारायला जागाही योग्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे, म्हणजे खेळाडू घडवण्यासाठी केंद्र सरकारने उभारलेल्या संस्थेचे, प्रशिक्षण केंद्र आहे. आणि तिथून जवळच नागसेनवन आहे, जिथे डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे आहे. शरीर घडवणारी संस्था आणि ‘माणूस म्हणजे नेमके काय’ हा वाद ज्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे त्या मिलिंद राजाचे व नागसेन भिक्खूचे स्मरण, ही दोन्ही एकाच शहराच्या एकाच अंगाला असावीत, हा योगायोग खरा, पण तो वाया घालवू नये असा आहे.

शाळेच्या मैदानावरून निघालेली वाट तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत जाते, आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे तीन वयोगट तिच्यावर ठरलेले आहेत. याच शहरातल्या गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात उतरणारी बीड, जालना, परभणीकडची मुले याच वाटेने येतात. त्यांच्यातले एखादे विलक्षण वेगवान निघाले की गावाकडे जे स्पष्टीकरण सर्वांत आधी सुचते ते पूर्वपुण्याईचे. मागील जन्मी साठवलेल्या कर्माचा जो भाग या जन्मी फळाला येतो त्याला परंपरेत प्रारब्ध म्हणतात, आणि चपळ पाय हे अशा प्रारब्धाचे दान मानले जाते. हे बोलणे कौतुकाचे असते, त्यामागे दुष्टावा नसतो. तरीही ते स्वीकारता येत नाही, कारण पहिल्या आलेल्याच्या पायांत पुण्य असेल तर आठव्या आलेल्याच्या पायांत पाप असले पाहिजे, आणि हे दुसरे वाक्य उच्चारायला कुणी धजावत नसले तरी मागे पडलेले मूल ते न उच्चारताच ऐकते.

सर्व भोग पूर्वकर्मानेच येतात हे मत खुद्द बुद्धानेही मान्य केले नव्हते. पाली त्रिपिटकातील एका सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक त्याला हेच विचारतो, तेव्हा बुद्ध वेदनेची, म्हणजे सुखदुःखाच्या अनुभवाची, आठ कारणे सांगतो. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, निष्काळजी वागणूक आणि बाहेरून झालेला आघात ही त्यांतली सात असून कर्माचा विपाक हे केवळ आठवे आहे. किशोरवयीन धावपटूच्या बाबतीत ही दृष्टी फार उपयोगाची ठरते. मुलांची उंची साधारणपणे तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वाधिक वेगाने वाढते, मुलींची त्याआधी दीड-दोन वर्षे. परंतु हे सरासरीचे बोलणे झाले, आणि प्रत्यक्षात एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीरांत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. १४ वर्षांखालील गटाच्या शर्यतीत मिसरूड फुटलेला एक मुलगा आणि अजून आवाजही न फुटलेला दुसरा शेजारच्या पट्ट्यांत उभे असतात, तेव्हा पुष्कळदा वेगाची नव्हे तर वयात येण्याच्या वेळेची स्पर्धा होत असते. त्यातच जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात मोडते, ही जवळजवळ एका वर्षाची तफावत निराळी.

मग श्रेय कुणाचे? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत, आणि ही मांडणी शालेय मैदानावर जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. पहिले अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधाराने कर्म घडते तो देह: मांडीच्या हाडाची लांबी, स्नायूंचा पोत, आईबापांकडून आलेली छाती. दुसरा कर्ता, म्हणजे ‘मी करतो’ असे मानणारा: पहाटे अंथरुणातून उठणारे ते मूल. तिसरे करण, म्हणजे साधने: फक्कीने आखलेल्या पट्टीत गुडघा टेकून, बोटे रेषेमागे रोवून बसलेल्या मुलीचे कान, जे ‘सेट’ या शब्दानंतरच्या निःशब्द क्षणात क्लॅपरच्या आवाजाची वाट पाहत असतात, आणि कंबर उचलताच सगळा भार पेलणारे तिचे हात. चौथी चेष्टा, म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली: कोपर किती वाकवायचे, पाऊल चवड्यावर कसे टाकायचे, याचा महिनोन्‌महिने केलेला सराव, ज्यात क्रीडाशिक्षकाने घड्याळ हातात धरून काढलेल्या संध्याकाळीही आल्या. आणि पाचवे दैव. भाष्यकार या शब्दाने इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता घेतात. साध्या अर्थाने ते म्हणजे कुणाच्याही हाती नसलेले सारे. आपल्या शाळेला खेळाची आस्था असलेला शिक्षक मिळाला की नाही, हे दैवच आहे. वाराही दैवच, आणि गंमत नव्हे तर गांभीर्याने नोंदवण्याजोगी गोष्ट अशी की ॲथलेटिक्सच्या नियमपुस्तकानेही दैव मोजायला घेतले आहे: १०० मीटर शर्यतीत किंवा लांब उडीत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असेल तर कामगिरी विक्रम म्हणून नोंदली जात नाही.

ही पाच कारणे सांगून झाल्यावर गीता म्हणते की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी आहे. याचा अर्थ कर्ता नाहीच असा होत नाही. तो पाचांतला एक आहे. येथे एक आक्षेप येतो, की श्रेय असे पाच जागी वाटले तर मुलाच्या वाट्याला उरते काय, आणि कौतुक तरी कशाचे करायचे. परंतु वाटणी मुलाला लहान करीत नाही, तिच्यामुळे त्याचे ओझे हलके होते, कारण जिंकण्यात ते एकटे नव्हते तर पुढच्या मोसमात हरण्यातही ते एकटे नसेल.

याहून अवघड प्रश्न काळाचा आहे, आणि तिथे नागसेनवनाकडे वळावे लागते. ‘मिलिंद प्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. त्यात नागसेन राजाला विचारतो की उताणे पडून हातपाय हलवणारे तान्हे बाळ आणि आजचा राजा हे एकच काय. राजा नाही म्हणतो. मग नागसेन दाखवून देतो की ते सर्वस्वी निराळे असतील तर कुणाला आई नाही, बाप नाही, गुरू नाही. शिकेल एक आणि विद्वान होईल दुसराच. रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेवणारी ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत जशी तीच नव्हे आणि निराळीही नव्हे, तसा माणूस बदलत्या क्षणांच्या सलग प्रवाहात टिकून राहतो, असे त्याचे उत्तर आहे.

पंधराव्या वर्षीचा विजेता आणि पंचविशीतला खेळाडू यांच्या बाबतीत हे उत्तर शब्दशः खरे ठरते. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दहा अडथळे असतात, पहिला १३.७२ मीटरवर, पुढचे प्रत्येकी ९.१४ मीटरवर, आणि मधल्या अंतरात तीनच पावले बसवायची असतात. १८ वर्षांखालील मुलांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते, २० वर्षांखालील गटात ती ९९.१ होते आणि प्रौढांसाठी १०६.७. अंतरे तीच राहतात, उंची चढत जाते. म्हणजे शाळकरी वयात बसवलेली लय प्रत्येक टप्प्यावर मोडून नव्याने बांधावी लागते. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीच्या तेजस शिरसे यांनी २२ मे २०२४ रोजी फिनलंडमधील युवास्क्युला येथे १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो सिद्धांत थिंगलाया यांच्या २०१७ च्या १३.४८ सेकंदांहून सरस. तो विक्रम कुमारवयातल्या यशाची वाढलेली आवृत्ती मानणे म्हणजे मधल्या दोन पुनर्बांधण्यांकडे डोळेझाक करणे होय. उलट टोकाला बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे आहेत. धावपटू म्हणून त्यांची जडणघडण बारावीनंतर सैन्यात गेल्यावर झाली, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडण्याच्या शर्यतीत, ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्यांनी रौप्यपदक मिळवले. शालेय प्रमाणपत्रांवरून भविष्य वाचणाऱ्याला ते सापडले नसते.

ही जाण नवी नाही. प्राचीन ऑलिंपियात इ. स. पूर्व ६३२ पासून मुलांच्या स्वतंत्र स्पर्धा होत असत, आणि ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात नोंदवले आहे की मुलांच्या गटात आणि पुढे प्रौढांच्या गटातही जिंकलेले दोन-तीनच सापडतात, कारण कोवळ्या वयातल्या सक्तीच्या कसरतींनी त्यांची ताकद आधीच संपलेली असते. अलीकडच्या क्रीडासंशोधनानेही हेच दाखवले आहे की आंतरराष्ट्रीय पातळीवर चमकलेले कुमार खेळाडू आणि त्याच पातळीवर चमकलेले प्रौढ खेळाडू हे बहुतांशी दोन वेगळे समूह असतात.

तरीही प्रवाह तुटत नाही, आणि खरी जबाबदारी येथेच सुरू होते. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ थर असतात, ज्यांतून हाड लांब होते; अतिसरावाने ते दुखावतात, आणि गुडघ्याखाली येणारे ते दुखरे टेंगूळ पुष्कळ क्रीडाशिक्षकांच्या ओळखीचे आहे. चौदाव्या वर्षी कायमचा बिघडलेला गुडघा चाळिशीतल्या बाईला जिना चढताना सोसावा लागतो. इजा या प्रवाहातून पुढे जाते, कारण तिला कुणाच्या संमतीची गरज नसते. वचनाला मात्र संमती लागते. ‘उद्याचा ऑलिंपिकपटू’ असे शब्द मुलाच्या नावापुढे मोठी माणसे लिहितात, आणि सतरा-अठराव्या वर्षी शरीर बदलून वेळ मंदावली की, विशेषतः मुलीच्या बाबतीत, तिने शब्द मोडला अशा सुरात बोलले जाते. तिने शब्द दिलाच नव्हता. तिने एक शर्यत पळून दाखवली होती, आणि ती अंतिम रेषेवर पूर्ण झाली होती.

या विचारावर सर्वांत वजनदार हरकत गरिबीची आहे. कोरडवाहू शेतीवर किंवा ऊसतोडीवर जगणाऱ्या कुटुंबाला शर्यत स्वतःत पूर्ण मानण्याची चैन परवडत नाही; तिथे राज्यस्तरीय पदकाचा अर्थ परीक्षेतले वाढीव गुण, शासकीय नोकऱ्यांतले खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण आणि पोलीस भरतीची आशा असा असतो. अशा घराला निष्काम कर्म, म्हणजे फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म, सांगणे हा उद्धटपणा ठरेल, आणि बापाने लेकीच्या पदकात नोकरी पाहिली म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण फलत्यागाचा उपदेश मुळात कर्म करणाऱ्याला केलेला आहे. दुसऱ्याच्या कर्माचे फळ वेचणाऱ्याला त्यातून मुभा मिळत नाही. वयाचा खोटा दाखला काढून सोळा वर्षांच्या मुलाला १४ वर्षांखालील गटात उतरवणारे मोठे नेमके हेच करतात. डाव्या मनगटाच्या आणि पंजाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवणारी चाचणी आता ॲथलेटिक्समध्ये वापरली जाते, पण ती लबाडी पकडते. त्या लबाडीमुळे अंतिम फेरीबाहेर राहिलेल्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची ती शर्यत कुणी परत आणून देऊ शकत नाही. गरिबीने हाव समजावून सांगता येते. दुसऱ्या गरीब मुलाचे वर्ष हिरावण्याचे समर्थन मात्र तिच्याने होत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच, पैठणजवळच्या आपेगावशी, महाराष्ट्रातील सर्वांत विलक्षण किशोराचे नाव जोडलेले आहे. परंपरेप्रमाणे ज्ञानेश्वरांचा जन्म शके ११९७ चा आणि ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये नेवाशाला, म्हणजे गीतेच्या त्या पाच कारणांवर भाष्य करणारा पंधरा वर्षांचा होता. शब्द आणि शर्यत यांना एका तराजूत घालण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच की एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी घेतलेल्या त्या मुलाविषयी, तो चाळिशीत काय झाला असता, असा हिशेब वारकऱ्यांनी सातशे वर्षांत कधी मांडला नाही. त्याने स्वतः ग्रंथाचे श्रेय गुरू निवृत्तिनाथांना दिले, आणि ऐकणाऱ्यांनी ते काम होते तसे, पुरे म्हणून, स्वीकारले. जिल्हास्तरावर एकदाच पहिली आलेली आणि दहावीनंतर मैदानावर पुन्हा न दिसलेली मुलगी गारखेड्यातून दर वर्षी परतते, तिच्या त्या एका धावेलाही असेच स्वीकारायला कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.