पान उजेडात धरून बघ

बारामती

चि. धाकट्यास,

टोमॅटोच्या पानांचे फोटो मिळाले. तेच फोटो बघून दुकानदाराने तीन औषधं एका पंपात मिसळायला सांगितली, असं ताई म्हणाली. तो पंप तूर्त भरू नकोस. फोटोत पांढरी रेघ दिसते. ती कोणी ओढली आणि अळी अजून आत आहे की कधीच निघून गेली, हे त्यात कुठे दिसतं?

सकाळी एक पान तोड आणि उजेडात धर. रेघ बारीक सुरू होते तिथे अंडं होतं. रुंद होऊन संपते तिथे अळी सापडेल. पिवळसर, बिनपायाची, वेगळं डोकं नसलेली, तोंडाशी जेमतेम काळा ठिपका, अशी असेल तर ती माशीची, आपली नागअळी. शास्त्रात तिला लिरिओमायझा ट्रायफोली म्हणतात. मूळची अमेरिकेची, शेवंतीच्या रोपांबरोबर देशोदेशी गेली आणि 1990च्या सुमारास आपल्याकडे आली.

रेघेऐवजी पारदर्शक चट्टा असेल आणि आतल्या अळीला काळपट डोकं नि पाय असतील, तर मात्र ती टुटा. ती पतंगाची अळी, 2014मध्ये पुणे जिल्ह्यात सापडलेली. ती शेंड्यात आणि फळात शिरते. नागअळी फळाला तोंड लावत नाही. सापळेही दोघींचे निराळे: टुटाला तिचाच कामगंध सापळा लागतो, माशीला पिवळा चिकट.

माशी जेमतेम दोन मिलिमीटरची, काळी-पिवळी. मादी पानाला भोकं पाडून रस चाटते आणि त्यातल्या काही भोकांत अंडी घालते. रेघांच्या आधी पानावर पांढरे टिपके दिसतात ते हेच. तेव्हाच लक्ष गेलं तर बरं. उन्हाळ्यात अळी आठवड्याभरात पोसते, पानाला अर्धगोल चीर पाडून खाली पडते आणि मातीत कोष करते. तुझ्या मल्चिंग पेपरवर बारीक तांबूस दाणे दिसतील, ते झाडून गोळा कर.

पानाच्या दोन पापुद्र्यांत बसलेल्या अळीपर्यंत वरवरचं औषध पोचत नाही. मरतात त्या चमकदार हिरव्या, चिमुकल्या गांधीलमाश्या, ज्या पानातून नेमकी अळी हेरून तिच्यावर अंडी घालतात. रेघेत काळी पडलेली, चपटी अळी दिसली तर समज, त्या कामाला लागल्यात. मग फवारा मारलास की नागअळी पुन्हा येते, आणि या वेळी तिला खाणारं कोणी उरलेलं नसतं. दुकानदाराचं काय, त्याची दुसरी बाटली खपते.

मोठ्या झाडाच्या खालच्या पानांवरच्या चार रेघांनी उत्पन्न घटत नाही. ती पाने काढ, पण बांधावर टाकू नकोस; पिशवीत बांधून उन्हात ठेव. कलिंगड-खरबुजाच्या दोन-चार पानांवरच्या रोपांना मात्र जप. तिथे पानच गेलं तर रोप बसतं. तिथे पाच टक्के निंबोळी अर्क वेळेवर मार. त्यानेही आवरलं नाही तर औषध शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घे.

तुझ्या उसाकडे नागअळी ढुंकून बघणार नाही. पण चवळी, घेवडा, काकडी, लसूणघास, कडेचा झेंडू, बांधावरचा एरंड ही सगळी तिची घरं. जुन्या खरबुजाच्या वेलाशेजारी टोमॅटोची नवी लागण केलीस, तिथेच हा प्रश्न सुरू झाला असावा. तोडे संपलेले वेल आधी उपट. एरंड राहू दे. त्याच्या पानांवरच्या नागअळीवर त्या गांधीलमाश्याही पोसतात.

केंद्रात दाखवायची पाने प्लॅस्टिकमध्ये घालू नकोस, घाम येऊन कुजतात. जुन्या वर्तमानपत्रात दाबून ने, आणि रेघेच्या टोकाशी अळी असलेलीच पाने निवड.

ताईला नमस्कार.

तुझा
मामा